मुलाच्या निळ्या सायकलवरचे चरे, काळे डाग आणि गेरचा (रंगपंचमीला रंग उधळत निघणारी मिरवणूक) गुलाबी रंग, पाडव्याआधी निघेल का?

सुदामानगर_आई:
नमस्कार मंडळी, इंदूरहून लिहितेय. हातात दिवस थोडे आहेत म्हणून सगळं एकदाच सविस्तर लिहिते, कुणाला काय माहिती असेल ते प्लीज सांगा. मुलाची गियरची सायकल आहे, ॲल्युमिनियमची फ्रेम, चकचकीत निळा रंग, पुढचा चिमटा मात्र काळा मॅट आहे, आणि दोन्ही चाकांना डिस्क ब्रेक. नववीत असताना घेतली आणि तेव्हापासून रोज सुदामानगरहून भंवरकुआंला क्लासला जाणं-येणं हिच्यावरच, पावसाळ्यातसुद्धा. आता त्याची बारावी झाली, तो बाहेरगावी शिकायला जाईल, म्हणून ठरवलंय की पाडव्याला ही सायकल देवासच्या माझ्या भाचीला द्यायची. ती आठवीत जातेय, गेली दोन वर्षं आली की हिच्यावरच चक्कर मारते. चालायला सायकल एकदम छान आहे, सर्व्हिसिंग झालंय, प्रश्न फक्त रंगाचा. नवी नाही हे तिला माहितीये, पण तिच्यासमोर उभी करताना ती कुणीतरी मनापासून तयार केलेली दिसावी एवढीच इच्छा आहे.

आता डाग सांगते. क्लासच्या स्टँडवर सायकली एकमेकींत घुसवून लावतात, त्यामुळे मागच्या नळ्यांवर काळे रबराचे फराटे आहेत. वरच्या दांडीवर पांढऱ्या रेषा आहेत तीन-चार, बोटभर लांबीच्या. सीटखालच्या उभ्या नळीला कुलपाची वायर गुंडाळायचा तिथे रंग मंद पडून पट्टा दिसतो. हँडल वळून दांडीवर आपटतं तिथे एक टवका उडालाय, तांदळाच्या दाण्यापेक्षा थोडा मोठा, आत चांदीसारखं चमकतं. आणि परवा रंगपंचमीला तो मल्हारगंजला मित्राकडे सायकल लावून गेर बघायला गेला, आला तेव्हा सीट, हँडलच्या मुठी, फ्रेमवरची पांढरी अक्षरं सगळं गुलाबी.

सगळ्यात वाईट म्हणजे रंग काढायच्या घाईत त्यानं भांड्यांची हिरवी घासणी घेऊन दांडी घासली. गुलाबी गेला पण तळहाताएवढ्या जागेत निळ्यावर धुकं आल्यासारखं झालंय, उजेडात तिरकं बघितलं की बारीक बारीक रेघा दिसतात. तो बिचारा दोन दिवस उदास आहे, त्याला वाटतं आपणच वाट लावली.

एका डेंटिंग-पेंटिंगवाल्याकडे विचारलं तर तो म्हणाला पूर्ण सोलून पावडर कोटिंग (भुकटीचा रंग भट्टीत भाजून चढवणं) करा, अडीच हजार आणि आठ दिवस. पण मग अक्षरं, स्टिकर सगळं जाणार आणि पाडव्यापर्यंत होईलच अशी खात्री नाही. घरी करता येईल का? काय आणू आणि काय अजिबात लावू नको?

महू_पेडल:
ताई काळे रबराचे डाग म्हणजे काहीच नाही, डब्ल्यूडी फॉर्टीचा तेलकट स्प्रे फडक्यावर मारा आणि पुसा, दोन मिनिटांत जातात, मी महूहून जानापावला दर रविवारी जातो आणि आल्यावर डांबराचे ठिपके असेच काढतो. बारीक चऱ्यांना पांढरी टूथपेस्ट, जेलवाली नको. पेट्रोलनं पण निघतं पण वास जात नाही. आणि कोरडा गुलाल असेल तिथे आधी पाणी मारू नका, सुक्या ब्रशनं झाडा, पाणी लागलं की तो रंग सोडतो आणि फटीत उतरतो. अडीच हजार अजिबात घालवू नका, त्यात भाचीला हेल्मेट आणि लाईट येईल.

पेंटशॉप_काका:
ताई, सगळ्यात आधी मुलाला सांगा की त्यानं वाट लावलेली नाही, ते धुकं निघतं. मी पीथमपूरला गाड्यांच्या कारखान्यात पेंटशॉपमध्ये बावीस वर्षं काढली, रिटायर होऊन चार वर्षं झाली, हिरव्या घासणीचे असे ढग इतके बघितलेत की आता फोटो न बघताही कळतं. घासणीत बारीक अपघर्षक कण असतात, ते वरच्या पारदर्शक थरावर हजार रेघा ओढतात, प्रत्येक रेघेवर उजेड इकडेतिकडे फुटतो आणि आपल्याला पांढुरकं दिसतं. खालचा निळा बहुतेक तसाच आहे.

हा थर समजून घ्या म्हणजे पुढचं सगळं सोपं जाईल. धातूवर आधी प्रायमर म्हणजे अस्तर, त्यावर रंग म्हणजे बेस कोट, त्यावर क्लियर कोट म्हणजे तो पारदर्शक थर. चारचाकीला हे सगळं मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन, म्हणजे वहीचं एक पान किंवा दीड पान, आणि त्यातला क्लियर ४०-५० मायक्रॉन. सायकलीला कंपनीप्रमाणे कमी-जास्त. म्हणजे तुमच्याकडे घासायला जे आहे ते पानाच्या अर्ध्या जाडीपेक्षा कमी आहे, आणि एकदा गेलं की परत येत नाही. म्हणून नियम एकच, डाग रंगाच्या वर बसलाय की रंगाच्या आत गेलाय हे आधी ठरवायचं, आणि सगळ्यात सौम्य गोष्टीपासून सुरुवात करायची. लोक उलटं करतात, सगळ्यात जहाल डबी आधी उघडतात.

ठरवायचं कसं? डोळे मिटा आणि नख हलकेच त्या रेषेवरून आडवं फिरवा. नख सरळ सरकलं तर वरवरचं आहे. नख उंचवट्यावर चढल्यासारखं वाटलं तर ती भर आहे, म्हणजे दुसऱ्या कुणाचा तरी रंग किंवा रबर तुमच्या रंगावर चिकटलंय, आणि ही खरी आनंदाची गोष्ट आहे. नख खाली अडकलं तर खोल आहे, ती पॉलिशनं जाणार नाही. दुसरी खूण पाण्याची. चरा ओला करा, ओला असताना दिसेनासा झाला आणि वाळल्यावर परत आला तर तो क्लियरमध्येच आहे, कंपाऊंडनं (रंगावर चोळायची बारीक घासणारी पेस्ट) जाईल किंवा निदान खूप मंद होईल. तुमच्या दांडीवरच्या पांढऱ्या रेषा मला वाटतं स्टँडवरच्या कुठल्यातरी पांढऱ्या सायकलीच्या आहेत, पण नख लावून बघाच, कारण स्वतःचा प्रायमर उघडा पडला तरी तो फिका दिसतो.

आता काम. सायकल सावलीत घ्या, सकाळी. मार्च म्हणून दुपारी अंगणात नका बसू, नळी हाताला गरम लागली की कंपाऊंड लावताक्षणी वाळतं आणि नुसतं घासलं जातं. पहिल्यांदा भरपूर पाणी वरून सोडा, हात न लावता. आपल्याकडची काळ्या मातीची धूळ आणि आता जिकडेतिकडे चालू असलेल्या बांधकामांची बारीक वाळू, ती तशीच असताना फडकं फिरवलं तर तुम्ही पॉलिश पेपरच फिरवताय. मग बादलीत शाम्पू, दुसरी बादली फक्त फडकं खळबळायला. यावेळी एकदा भांड्यांच्या लिक्विडचे दोन थेंब चालतील कारण जुनं वॅक्स, तेल सगळं निघायला हवंय, नेहमी नको. शक्य असेल तर नळाला नर्मदेचं पाणी येतं त्या दिवशी धुवा. बोअरचं खारं पाणी फ्रेमवर वाळलं की पांढरे गोल पडतात आणि मग तेच डाग म्हणून तुम्ही घासत बसता. धुतल्यावर लगेच मऊ सुती पंचानं टिपून घ्या.

धुतल्यावर निम्मे डाग गेलेले दिसतील. उरलेल्या काळ्या फराट्यांना मेडिकलमधलं स्पिरिट, कापसावर, घासायचं नाही, कापूस डागावर दहा-पंधरा सेकंद ठेवायचा आणि मग एकाच दिशेनं ओढायचा. आधी पेडलजवळ फ्रेमच्या खालच्या बाजूला, जिथे कुणाची नजर जात नाही, तिथे करून बघा, कापसाला निळा लागला तर थांबा. नाही निघालं तर टर्पेंटाईन, त्यानंतर लगेच साबणाच्या पाण्यानं पुसून घ्या. थिनर आणि नेलपॉलिश रिमूव्हर घरात असेल तर ते दुसऱ्या खोलीत ठेवा. थिनर काही रंगांना दोन मिनिटांत चिकट करून टाकतो आणि अक्षरांचं स्टिकर तर नक्की उचलतो. पेट्रोलची भानगड करू नका, त्याची वाफ दूरच्या ठिणगीनंही पेटते आणि बंद पोर्चमध्ये तर मुळीच नको.

मग ढग आणि कुलपाचा पट्टा. गाड्यांच्या सामानाच्या दुकानात किंवा सियागंजात रबिंग कंपाऊंड मिळेल, फाईन सांगून घ्या, आणि एक पॉलिश. दोन वेगळ्या गोष्टी आहेत, कंपाऊंड चरे कापतं पण स्वतःच्या बारीक रेघा सोडतं, त्या पॉलिशनं जातात. जुना मऊ बनियन किंवा मायक्रोफायबर दोन बोटांना गुंडाळा, तुरीच्या दाण्याएवढं कंपाऊंड, चार बोटं जागा, हलक्या हातानं पंधरा-वीस फेऱ्या, पुसा, बघा. परत. गाडीचा दरवाजा सपाट असतो, तिथे तळहाताचा दाब पसरतो, सायकलची नळी गोल आहे, तिथे सगळा दाब एका रेषेवर येतो आणि तिथला क्लियर लवकर संपतो, म्हणून बोटं नळीच्या गोलाईनं फिरवा, लांबीच्या दिशेनं एकाच जागी नको. आणि जिथे नळ्या एकमेकींना जोडल्यात तिथल्या कडांवर रंग मुळातच पातळ असतो, तिथे मास्किंग टेप लावूनच काम करा. ऐंशी टक्के गेलं की थांबा. शंभर टक्क्यांच्या मागे लागून लोक खालचा रंग उघडा पाडतात.

टूथपेस्टबद्दल, वर भाऊंनी सांगितलंय ते चूक नाही, त्यात सौम्य घासणारी पावडर असतेच, एखाद्या बारीक रेषेला चालते. पण त्या ढगाला पुरणार नाही आणि फटीत पांढरी होऊन वाळते.

टवक्याचं शेवटी करू. ॲल्युमिनियम आहे म्हणून तांबडा गंज येणार नाही, पण उघडं ठेवलं तर पांढरी भुकटी धरते आणि रंगाची कड हळूहळू उचलते. स्पिरिटनं पुसा, सुटलेला पापुद्रा असेल तो टूथपिकनं काढा. मग त्या निळ्याला जुळणारी नेलपॉलिश घ्या, दुकानाच्या ट्यूबलाईटखाली नाही, बाहेर दिवसाच्या उजेडात बघून. बाटलीतला ब्रश वापरू नका, तो दाण्याएवढ्या खड्ड्यावर रुपयाएवढा थापा मारतो. टूथपिकच्या टोकावर थेंब घ्या आणि खड्ड्याच्या मध्ये सोडा, तो आपोआप कडेपर्यंत पसरतो. पातळ तीन थर, प्रत्येकाला तासभर, वर बिनरंगाचा एक. अगदी जुळला नाही तरी हातभर अंतरावरून डोळ्यात येत नाही.

चोरल_चढण:
काकांचं सगळं बरोबर, पण दोन गोष्टी जोडते कारण सायकल मुलीला चालवायला द्यायचीये.

एक, डिस्क ब्रेक आहेत! डब्ल्यूडी फॉर्टी, पॉलिश, वॅक्स यातलं काहीही रोटरला (चाकाबरोबर फिरणारी ब्रेकची चकती) किंवा पॅडला (तिला दोन्हीकडून दाबणारे तुकडे) लागलं तर ब्रेक किंचाळतो आणि पकड जाते, आणि पॅडनं एकदा तेल प्यायलं की बहुतेक वेळा नवेच टाकावे लागतात. मागच्या नळ्यांवरचे रबराचे फराटे म्हणजे मागच्या रोटरपासून वीतभर अंतर, तिथे स्प्रे मारूच नका, भाऊ तुम्ही पण जपून. दोन्ही चाकं काढून बाजूला ठेवा, निघतात सहज. चाकं काढल्यावर ब्रेकचा दांडा दाबू नका, हायड्रॉलिक म्हणजे तेलाच्या दाबावर चालणारा असेल तर पॅड आतल्या आत जवळ येतात आणि चाक परत बसत नाही, मध्ये पुठ्ठ्याची घडी घालून ठेवा. चाकं काढायची नसतील तर रोटरवर प्लॅस्टिकची थैली बांधा, आणि सगळं झाल्यावर रोटर स्वच्छ कापडावर स्पिरिट घेऊन पुसा.

दोन, काळा मॅट चिमटा. त्याला कंपाऊंड, पॉलिश, वॅक्स, टूथपेस्ट, काहीही नाही. मॅट म्हणजे त्याचा पृष्ठभाग मुद्दाम खरखरीत ठेवलेला असतो, तुम्ही घासलं की तो सपाट होऊन चमकतो आणि तो चमकदार ठिपका कायमचा, तो परत मॅट होत नाही. मी माझ्या स्वतःच्या फ्रेमवर हे केलंय, दांडीवर अंगठ्याएवढा चकचकीत डाग आहे आणि चार वर्षं रोज दिसतो. मॅटला फक्त साबणाचं पाणी आणि फार तर स्पिरिट हलक्या हातानं.

आणि हो, धुतल्यावर उजेडात सगळे सांधे नीट बघा, विशेषतः हँडलच्या खाली जिथे दोन नळ्या मिळतात आणि पेडलच्या वर. चरा कुठेही कसाही असतो, पण सांध्याच्या कडेनं नळीला वळसा घालणारी केसासारखी रेषा असेल, पुसूनही परत काळी होत असेल, तर तो चरा नसून तडा असू शकतो. तसं दिसलं तर आधी मेकॅनिकला दाखवा, तोवर कुणी चालवू नका. बहुतेक नसेलच, पण तीन वर्षं खड्ड्यांतून चाललेली गाडी आहे.

पुढे परत पट्टा पडू नये म्हणून कुलपाच्या वायरला जुन्या सायकल ट्यूबचा तुकडा चढवा. आणि गियरच्या केबल्स फ्रेमला जिथे घासतात तिथे पारदर्शक जाड टेपचे चौकोन लावा, नखाएवढे पुरतात. कोपरे कात्रीनं गोल करा म्हणजे उचलत नाहीत.

लोकमान्यनगर_जुना:
काकांना विचारायचं होतं, इथेच विचारतो. माझ्याकडे वडिलांची काळी मोठी सायकल आहे, स्टीलची, मडगार्डवर आणि दांडीवर हातानं ओढलेल्या सोनेरी रेषा आहेत. मागच्या आठवड्यात ओल्या फडक्यावर थोडं पॉलिश घेऊन मडगार्ड पुसला तर फडकं काळं झालं म्हणून घाबरून थांबलो. रंग निघतोय का? आणि रिमवर, हँडलवर बारीक गंज आलाय.

पेंटशॉप_काका:
थांबलात ते फार चांगलं केलंत. जुन्या काळ्या सायकलींना भट्टीत भाजलेला एनॅमल असायचा आणि बहुतेकींवर वेगळा क्लियर नसतोच, म्हणजे तुम्ही थेट रंगालाच हात लावताय, म्हणून फडकं काळं होतं. थोडं झालं तर घाबरायचं कारण नाही, वरचा मेलेला थर निघतो आणि खालचा काळा खोल दिसायला लागतो. पण सोनेरी रेषा त्या काळ्याच्या वर ओढलेल्या असतात, त्यांच्यावर पॉलिश चाललं की आधी त्या जातात. त्या ओढणारे हात आता मिळत नाहीत, तेव्हा रेषा आणि कंपनीची चित्रं सोडून बाकीचंच पुसा, रेषांवर फक्त ओलं मऊ फडकं आणि वाळल्यावर वॅक्सचा पातळ हात. क्रोमच्या गंजाला स्वयंपाकघरातली ॲल्युमिनियमची फॉईल चुरगळून पाण्यात बुडवा आणि हलकं घासा, ती क्रोमपेक्षा मऊ आहे म्हणून क्रोम ओरखडत नाही आणि गंज निघतो. करडी पेस्ट होते ती पुसून टाका, कोरडं करा, तेलाचं बोट फिरवा. रिमवर मात्र ब्रेकचं रबर जिथे टेकतं तिथे तेल नको.

तुमच्या फ्रेमवर कुठे टवका असेल आणि तांबडं दिसत असेल तर वर नुसता रंग लावू नका हं. गंज आधी पूर्ण खरवडायचा, मग प्रायमर, मग काळा. नाहीतर पावसाळा संपेपर्यंत तो रंगाखाली फुगतो. ताईंचं ॲल्युमिनियम आहे म्हणून त्यांना प्रायमर सांगितला नाही.

राजवाडा_रंग:
गेरच्या रंगाबद्दल थोडं. मी दरवर्षी गाडी घेऊन त्याच गर्दीत असतो. तो गुलाबी क्लियर कोटवर फारसा धरत नाही, धरतो तो रबर, रेक्झिन आणि प्लॅस्टिकवर. सीट आणि मुठींना खायचा सोडा पाण्यात कालवून लावा, पाच मिनिटं ठेवा, जुन्या टूथब्रशनं घासा. स्पिरिट वापरणार असाल तर प्रत्येक पुसण्याला नवा कापूस घ्या, कारण स्पिरिट तो रंग विरघळवतं आणि तोच कापूस परत फिरवला की तुम्ही गुलाबी पसरवताय, पांढऱ्या अक्षरांवर तर हमखास. ब्लीच नको, रबर ठिसूळ होतं आणि शिलाईचा धागा पण जातो.

सुदामानगर_आई:
सगळ्यांचे खूप खूप आभार, काल आणि आज मिळून काम झालं, जसं झालं तसं सांगते म्हणजे अजून कुणाला उपयोगी पडेल.

काल सकाळी पाणी आलं तेव्हाच धुतली. चाकं मुलानं काढली, ब्रेकमध्ये पुठ्ठा घातला. नुसतं धुतल्यावर खरंच अर्धे डाग गेले, मला वाटत होतं मागच्या नळ्या काळ्या पडल्यात, तो नुसता चेनच्या तेलात बसलेला धुळीचा थर होता. सगळे सांधे मोबाईलच्या टॉर्चनं बघितले, तडा कुठे नाही, फार हायसं वाटलं.

मग डोळे मिटून नख फिरवलं. काका, दांडीवरच्या तीन पांढऱ्या रेषांवर नख चढलं! म्हणजे भर होती. स्पिरिटचा कापूस ठेवला, ओढला, दोन रेषा कापसावर आल्या, पांढरा रंग अगदी दिसत होता कापसावर. तिसरी टर्पेंटाईननं गेली. चौथीत नख अडकलं, ती तशीच आहे, पण आता एकटीच आहे म्हणून आधीसारखी डोळ्यात येत नाही.

ढगाला मुलालाच बसवलं, म्हटलं तूच काढ. पहिल्या वीस फेऱ्यांनंतर पुसलं तर काही फरक नाही, त्याचा चेहरा उतरला. दुसऱ्यांदा परत तसंच वाटलं. तिसऱ्या वेळी त्यानं पुसून दांडी उजेडाकडे वळवली आणि त्यात पोर्चच्या जाळीचे चौकोन दिसले, आधी धुक्यात नुसता पांढरा ठिपका दिसायचा. मग चार-चार बोटं करत सगळा ढग त्यानं दीड तासात काढला आणि वर पॉलिशचा हात मारला. तिरकं बघितलं तर दोन-तीन रेघा आहेत अजून, तो अजून एकदा करू म्हणत होता, मी तुमचं ऐंशी टक्क्यांचं वाक्य दाखवून डबी बंद केली.

कुलपाचा पट्टा अर्धाच गेला, तिथे रंग खरंच झिजलाय असं दिसतं, हात लावला की गुळगुळीत आहे पण निळा फिका आहे. त्यावर काय करू? मॅट चिमट्याला फक्त साबण लावला, स्वच्छ आहे.

टवक्याला तीन दुकानं फिरून नेलपॉलिश मिळाली, दुकानदारीणबाईंना म्हटलं सायकलला लावायचीये तर त्यांनी स्वतः बाहेर उन्हात येऊन चार बाटल्या फ्रेमच्या फोटोशी नाही, सीटच्या खालच्या क्लॅम्पशी लावून बघितल्या, तो काढून नेला होता बरोबर, त्याचाही रंग तोच निळा आहे. तीन थर झाले, वरचा बिनरंगाचा आज संध्याकाळी लावला. बोट लावलं तर अगदी किंचित उंच लागतं.

गुलाबी सीटवरून गेला, अक्षरांतून गेला, उजव्या मुठीच्या खाचांमध्ये थोडा आहे. नव्या मुठी घेणार होते पण मुलगा म्हणाला की त्याच्या हाताला बसलेल्या आहेत, तिच्याही बसतील. त्यामुळे मुठी त्याच ठेवल्या, परत एकदा सोडा लावून बघते.

आता वॅक्स कधी लावू? उद्या लावलं तर चालेल का, परवा देवासला जायचंय.

पेंटशॉप_काका:
ताई, क्लॅम्प काढून नेलात हे मलाही सुचलं नसतं, फोटोत रंग कधीच खरा येत नाही.

वॅक्स उद्या बाकी सगळ्या फ्रेमला लावा, पातळ, वाळून धूसर झालं की पुसून टाका. चिमट्याला नाही. टवक्याच्या भोवती दोन बोटं जागा सोडा. नेलपॉलिश वरून तासाभरात वाळलेली वाटते पण आतला सॉल्व्हंट उडायला दिवस लागतात, त्यावर आत्ता घासलं तर तो थेंब अख्खा उचलून येईल. त्याला आठवडा द्या. किंचित उंच आहे ते बरंच आहे, वाळताना बसतो. मुलीला सांगून ठेवा, पुढच्या रविवारी तेवढ्या जागी वॅक्सचं बोट फिरवायला. डबी सायकलबरोबरच द्या.

कुलपाच्या पट्ट्याला आता काही करू नका. निळा फिका दिसतोय म्हणजे तिथला क्लियर बहुतेक संपलाय आणि तुम्ही रंगावर आहात, अजून घासलं तर प्रायमर दिसेल. वॅक्स लावल्यावर तो थोडा गडद दिसेल. वर पारदर्शक टेपचा एक वळसा द्या, चोरलवाल्या ताईंनी सांगितली तीच टेप, आणि वायरला ट्यूबचा तुकडा चढवूनच सायकल सोपवा.

चोरल_चढण:
आणि देवासला पोचल्यावर चाकं परत बसवलीत की तिला देण्याआधी गल्लीत दोन्ही ब्रेक दहा-बारा वेळा दाबून बघा, हळू वेगात. आवाज आला तर रोटर परत स्पिरिटनं पुसा. सीटची उंची पण तिच्या मापाची करून द्या, क्लॅम्प घट्ट झालाय ना ते बघा, तो तुम्ही काढला होता.